चेहऱ्यावर आलेला परका रंग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

लग्नसराई संपून अल्बमची कामे हाती आली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा रोख बदलतो. या खेपेस आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत : माणसाच्या चेहऱ्यावर आलेली हिरवी, निळी, पिवळी किंवा जांभळी झाक संपादनात कशी काढावी. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे न देता गावे तेवढी ठेवली आहेत. उत्तरे वेगवेगळी असली तरी त्या सर्वांमागे एकच आग्रह आहे, तो आधीच सांगतो. स्लायडरला हात लावण्यापूर्वी ही झाक कुठून आली ते ठरवावे. ती दिव्यातून आली असेल, शेजारच्या वस्तूवरून उसळून आली असेल, कॅमेऱ्याच्या चुकीच्या अंदाजातून आली असेल, किंवा छायाचित्रात मुळीच नसून आपल्या पडद्यात असेल. या चारही ठिकाणी इलाज वेगळा आहे.

प्रश्न : हळदीचा कार्यक्रम घरासमोरच्या अंगणात, उन्हासाठी बांधलेल्या हिरव्या शेडनेटखाली झाला. सर्वांचे चेहरे हिरवट आले आहेत. टेम्परेचरचा स्लायडर पिवळ्याकडे नेला तर माणसे आजारी दिसतात आणि निळ्याकडे नेला तर चेहरे निस्तेज होतात. काय करावे? (एक स्टुडिओचालक, परभणी)

उत्तर : आपण फिरवत असलेला स्लायडर या अडचणीचा नाही. टेम्परेचर हा निळ्यापासून पिवळ्यापर्यंतचा अक्ष आहे. मेणबत्तीचा प्रकाश सुमारे १,९०० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचे माप), साध्या पिवळ्या बल्बचा २,७०० च्या जवळपास, दुपारच्या उन्हाचा आणि फ्लॅशचा साडेपाच हजारांच्या आसपास आणि निरभ्र आकाशाखालच्या सावलीतला सात हजारांहून अधिक, असे नैसर्गिक आणि तापून प्रकाशणारे सगळे स्रोत याच अक्षावर मागेपुढे होतात. हिरवेपणा या अक्षावर नाहीच. तो येतो ट्यूबलाइटमधून, हलक्या प्रतीच्या एलईडीमधून, झाडाच्या पानांतून, किंवा आता आपल्याकडे गावोगावी अंगणावर ताणल्या जाणाऱ्या हिरव्या जाळीतून. आणि त्यासाठी टिंट नावाचा दुसरा अक्ष आहे, ज्याच्या एका टोकाला हिरवा आणि दुसऱ्या टोकाला मॅजेंटा, म्हणजे गुलाबी-जांभळा रंग असतो. म्हणून टेम्परेचर आहे तिथेच ठेवून आधी टिंट मॅजेंटाकडे न्यावा आणि हिरवेपणा गेल्यावर मगच टेम्परेचरची किरकोळ दुरुस्ती करावी.

किती न्यावा, हे केवळ नजरेवर सोडू नये, कारण एकाच छायाचित्राकडे काही मिनिटे पाहत राहिले की डोळे त्यातल्या झाकेला सरावतात आणि हिरवट चेहराही बरा वाटू लागतो. फोटोशॉपमध्ये इन्फो पॅनेल उघडून गालाच्या अशा भागावर कर्सर ठेवावा, जो चमकतही नाही आणि सावलीतही नाही. त्वचेवर लाल आकडा सर्वांत मोठा, हिरवा त्याहून लहान आणि निळा सर्वांत लहान, हा क्रम हवा. गव्हाळ वर्णाच्या चेहऱ्यावर उदाहरणादाखल लाल १९०, हिरवा १४० आणि निळा ११० असे आकडे मिळाले तर रंग ठीक आहे असे समजावे. शेडनेटखालच्या चेहऱ्यावर १७०, १५० आणि १०५ असे काहीसे दिसेल, म्हणजे हिरवा आकडा लालच्या अगदी जवळ जाऊन बसलेला असेल. त्याहून सोपी खूण ह्यूची, म्हणजे रंगचक्रावर रंग कुठे बसतो ते अंशांत सांगणाऱ्या आकड्याची आहे. कलर पिकरमध्ये त्वचेचा ह्यू बहुधा १५ ते ३० अंशांच्या दरम्यान राहतो. तो ३५ च्या वर गेला तर हिरवट-पिवळेपणा शिल्लक आहे आणि १० च्या खाली उतरला तर लाली अधिक झाली आहे. लाइटरूममध्ये हे आकडे टक्क्यांत दिसतात, पण त्यांचा क्रम आणि त्यांच्यातले अंतर तसेच वाचता येते.

एवढे करूनही चेहरा एकसारखा होणार नाही, कारण जाळी फक्त वर आहे. वरून येणारा प्रकाश हिरवा असतो आणि अंगणाच्या उघड्या बाजूने, रस्त्याकडून येणारा प्रकाश स्वच्छ असतो. त्यामुळे कपाळ, नाकाचा शेंडा आणि खांदे हिरवे, तर रस्त्याकडचा गाल नैसर्गिक, अशी विभागणी होते. संपूर्ण छायाचित्राचा टिंट कपाळाच्या मापाने बदलला तर तो गाल गुलाबी पडेल. म्हणून सबंध छायाचित्राची दुरुस्ती अर्ध्यावर थांबवावी आणि उरलेली दुरुस्ती ब्रशने मास्क (बदल ठरावीक भागापुरता ठेवणारे आवरण) आखून फक्त वरच्या अंगाला द्यावी. मास्कची कड मऊ ठेवावी. चेहऱ्यावर रंगाची सीमारेषा दिसणे हे मूळ झाकेपेक्षा वाईट.

राहिली हळद. टिंट मॅजेंटाकडे गेला की हळदीचा पिवळा नारिंगीकडे झुकतो आणि हळद शेंदरासारखी दिसू लागते. अशा वेळी पिवळ्या रंगाचा ह्यू थोडा मागे आणावा. सॉफ्टवेअरचे ऑटो बटण मात्र अजिबात दाबू नये, कारण छायाचित्रभर पसरलेली हळद हीच चूक आहे असा त्याचा समज होतो आणि ते सगळ्यांना निळसर करून टाकते. माळेगावच्या यात्रेत भंडारा उधळला जात असताना काढलेल्या छायाचित्रांचीही ऑटोमुळे अशीच गत होते. तिथला पिवळेपणा प्रकाशाचा दोष नाही, तो प्रसंगच पिवळा आहे.

प्रश्न : व्हाइट बॅलन्सच्या (प्रकाशाची झाक काढून पांढरा पांढराच दाखवण्याच्या) ड्रॉपरने पांढऱ्या वस्तूवर क्लिक करावे असे शिकलो. वराच्या वडिलांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर क्लिक केले, तर सगळ्यांचे चेहरे पिवळे झाले. ड्रॉपर बिघडला आहे काय? (एक नवशिका छायाचित्रकार, लातूर)

उत्तर : ड्रॉपर ठीक आहे, सदरा पांढरा नाही. आपल्याकडे पांढऱ्या कपड्याला नीळ घालण्याची पद्धत आहे, आणि धुण्याच्या पावडरीत कपडा उजळ दाखवणारी जी द्रव्ये असतात ती न दिसणारे अतिनील किरण शोषून घेऊन निळसर प्रकाश बाहेर टाकतात. उन्हात आणि फ्लॅशसमोर हा परिणाम वाढतो. ड्रॉपर ज्या ठिपक्यावर टेकतो तिथले लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे समान करतो. सदऱ्यातला निळा अधिक आहे असे दिसल्यावर त्याने सबंध छायाचित्रातून निळा कमी केला आणि चेहरे पिवळे पडले. सदरा फ्लॅशने जळून तिन्ही आकडे २५५ ला टेकलेले असतील तर आणखी वेगळी पंचाईत होते, कारण तिथे मोजण्यासारखे काही उरलेलेच नसते.

डोळ्यांतला पांढरा भाग, दात, चुना दिलेली भिंत, स्टीलचा तांब्या, या नेहमी सुचवल्या जाणाऱ्या जागाही फसव्या आहेत. डोळे आणि दात कधीच तटस्थ रंगाचे नसतात आणि स्टील तर आजूबाजूचा प्रत्येक रंग अंगावर घेते. खात्रीचा मार्ग म्हणजे ग्रे कार्ड, तटस्थ राखाडी रंगाचा पुठ्ठा. ते जाळीखाली, मांडवात, बोहल्यावर, जिथे प्रकाश बदलेल तिथे चेहऱ्याजवळ धरून एक छायाचित्र काढावे, ड्रॉपर त्या कार्डावर टेकवावा आणि मिळालेले मूल्य त्याच प्रकाशातल्या बाकीच्या छायाचित्रांना द्यावे. कार्ड चेहऱ्याच्या दिशेने धरावे, आकाशाकडे तोंड करून नव्हे. नाही तर ते चेहऱ्याचा प्रकाश न मोजता आकाशाचा प्रकाश मोजते.

प्रश्न : बीबी का मकबऱ्यासमोर संध्याकाळी काढलेल्या प्री-वेडिंग छायाचित्रांत जोडपे पिवळे-सोनेरी आले आहे. मकबऱ्याच्या पांढऱ्या रंगावरून ते दुरुस्त करावे का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : करू नये. त्या वेळचे ऊन तसेच असते आणि त्यासाठीच तर ती वेळ निवडलेली असते. शिवाय त्या वास्तूचा घुमट संगमरवराचा असला तरी बराचसा भाग चुन्याच्या गिलाव्याचा आहे. दोन्हींचे पांढरेपण सारखे नाही, आणि संध्याकाळी एका अंगाला ऊन व दुसऱ्या अंगाला आकाशाची निळाई असते, त्यामुळे प्रत्येक क्लिकला उत्तर निराळे येईल. ह्यू ३५ च्या वर गेला असेल तेवढाच तो खाली आणावा आणि सोनेरीपणा राहू द्यावा.

प्रश्न : मंगल कार्यालयात समोरून फ्लॅश, मागे पिवळे हॅलोजन आणि स्टेजच्या दोन्ही बाजूंना निळे-जांभळे एलईडी पार (स्टेजचे रंगीत दिवे) होते. नवरीचा अर्धा चेहरा नैसर्गिक आणि अर्धा निळा आहे. शिवाय लागोपाठ काढलेल्या छायाचित्रांतही रंग एकसारखा नाही. (बीड)

उत्तर : तीन रंगांचे दिवे एकाच वेळी असताना सबंध छायाचित्राचा व्हाइट बॅलन्स बरोबर आणणे शक्यच नसते, एक दिवा बरोबर केला की उरलेले दोन बिघडतात. अशा वेळी मुख्य चेहऱ्यावर ज्या दिव्याचा प्रकाश सर्वाधिक आहे तो प्रमाण धरावा. येथे तो फ्लॅश आहे. मागचे हॅलोजन पिवळे राहिले तरी बिघडत नाही, कारण छायाचित्र पाहणाऱ्याला तिथे दिवे दिसत असतात आणि दिव्यांनी पिवळे असावे हे त्याला पटते. खटकतो तो फक्त चेहऱ्यावरचा निळा पट्टा.

त्या पट्ट्यावर काम करण्यापूर्वी चॅनेल्स पॅनेलमध्ये जाऊन लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही चॅनेल एकेक करून पाहावेत. निळ्या भागातही लाल आणि हिरव्या चॅनेलमध्ये नाक, भुवई, गालाची गोलाई दिसत असेल तर छायाचित्र वाचेल. त्या भागावर मास्क काढून टेम्परेचर पिवळ्याकडे न्यावे, निळ्या आणि जांभळ्या रंगाची तीव्रता उतरवावी, मग नवा लेअर घेऊन त्याचा ब्लेंड मोड कलर असा ठेवावा, चांगल्या गालावरचा रंग उचलावा आणि २० ते ३० टक्के ओपॅसिटीच्या मऊ ब्रशने हळूहळू फिरवावा. या मोडमध्ये फक्त रंग बदलतो, उजेड-सावली मूळचीच राहते, त्यामुळे चेहऱ्याची ठेवण बिघडत नाही. पण लाल आणि हिरव्या चॅनेलमध्ये तो भाग काळाकुट्ट असेल, तर तिथे त्वचेची माहिती नोंदलीच गेलेली नाही. तिथे कितीही रंग ओतला तरी तो लिंपल्यासारखा दिसतो. असे छायाचित्र कृष्णधवल करून द्यावे. अल्बममध्ये चारदोन कृष्णधवल पाने शोभतात आणि ग्राहकही बहुधा खूश होतो.

लागोपाठच्या छायाचित्रांतला फरक विजेमुळे आहे. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने जुन्या पद्धतीची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होते आणि त्या चढउतारात तिचा रंगही बदलतो. शटर १/५०० सेकंद असेल तर प्रत्येक छायाचित्रात त्या चक्राचा वेगळा तुकडा सापडतो. १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवल्यास पूर्ण चक्र येते आणि रंग स्थिर होतो. स्टेजच्या एलईडीची लुकलुक वेगळ्या गतीने चालते, तिला हा उपाय नेहमी लागू पडत नाही.

पुढच्या कामासाठी दोन गोष्टी सुचवतो. फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावले तर त्याचा प्रकाश साधारण ३,२०० केल्विनपर्यंत उतरतो, हॅलोजनशी जुळतो आणि तीन भांडखोर दिव्यांचे दोन होतात. आणि डेकोरेशनवाल्याला आधीच भेटून मंगलाष्टके सुरू असताना स्टेजचे दिवे पांढरे ठेवण्याची विनंती करावी. संपादनातल्या बऱ्याच रात्री या एका विनंतीने वाचतात.

प्रश्न : गडद जांभळ्या पैठणीतल्या नवरीच्या हनुवटीखाली आणि गळ्यावर जांभळट झाक आहे, तर भगव्या फेट्यामुळे वराच्या कपाळावर नारिंगी पट्टा आला आहे. बाकीचा चेहरा चांगला आहे. (पैठण)

उत्तर : ही उसळलेल्या प्रकाशाची झाक आहे. उजेड साडीवर पडतो, साडी त्यातला जांभळा तेवढा परत फेकते आणि तो हनुवटीखालच्या सावलीत जाऊन बसतो. तिथे दुसरा प्रकाश कमी असल्याने तो अधिक उठून दिसतो. टिंट आणि टेम्परेचरला येथे हात लावू नये. ह्यू-सॅच्युरेशनचा लेअर घेऊन त्यात जांभळा आणि मॅजेंटा हे रंगगट निवडावेत, त्यांची तीव्रता कमी करून ह्यू लालच्या बाजूला सरकवावा आणि मास्कने हा बदल फक्त गळा आणि हनुवटी यांच्यापुरता ठेवावा. मास्क साडीच्या काठावर गेला तर पैठणीचा रंग उडेल, आणि ती चूक नवरीच्या आईच्या नजरेतून सुटणार नाही.

फेट्याचे काम अवघड आहे, कारण भगवा आणि त्वचा एकाच रंगगटात येतात. तिथे रंगगट निवडून भागत नाही; वर सांगितलेल्या कलर मोडच्या लेअरवर गालाचा रंग उचलून कपाळावर हलक्या हाताने फिरवणे हाच मार्ग आहे. दोन्ही ठिकाणी झाक पूर्ण पुसू नये. जवळ इतकी गडद साडी किंवा फेटा असताना त्वचेवर त्याचा मागमूसही नसेल, तर चेहरा दुसरीकडून कापून चिकटवल्यासारखा भासतो.

प्रश्न : निळी झाक काढली की नवरी अधिक सावळी दिसते, अशी मुलीकडच्यांची तक्रार असते. मग झाक काढावी की राहू द्यावी? गोरे करून द्या असे सांगणाऱ्यांना काय उत्तर द्यावे? (धाराशिव)

उत्तर : झाक काढावी. निळी झाक असलेला चेहरा उजळ वाटतो, कारण त्वचेतला उबदार रंग दबलेला असतो आणि त्या फिकटपणालाच गोरेपणा समजले जाते. रंगाची जात आणि रंगाचा उजेड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्वचेला रंग येतो तो मेलॅनिन आणि रक्त यांच्यामुळे. माणूस गोरा असो, गव्हाळ असो की काळा, या दोहोंच्या मिश्रणातून येणारी रंगाची दिशा जवळपास एकच असते, फरक पडतो तो उजेडात आणि तीव्रतेत. व्हिडिओ संपादनातल्या व्हेक्टरस्कोपवर (रंगाची दिशा आणि तीव्रता दाखवणाऱ्या आलेखावर) त्वचेसाठी जी एकच रेघ आखलेली असते, ती याच आधारावर. म्हणजे झाक काढण्यासाठी कुणाचा वर्ण बदलावा लागत नाही, आणि वर्ण बदलला म्हणून झाक निघतही नाही.

गोरे करण्याची रूढ युक्ती अशी आहे की, नारिंगी रंगाची तीव्रता उतरवायची आणि त्याचा उजेड वाढवायचा. त्याने त्वचा राखेच्या रंगाची होते. शिवाय हातावरची मेंदी त्याच नारिंगी गटात येत असल्याने तीही विटते, सोन्याचे दागिने पितळेसारखे दिसू लागतात, आणि चेहऱ्यापुरता मास्क काढला तर हात व गळा वेगळेच उरतात. समूहचित्रात तर नवरीच तेवढी उजळलेली आणि शेजारी तिचा सख्खा भाऊ मूळ वर्णाचा, असे विचित्र दृश्य दिसते. लग्नाच्या अल्बममध्ये मुलीचा वर्ण बदलून देणे हे मी संपादनाचे काम मानत नाही.

तरीही तक्रारीत बहुतेक वेळा एक खरी गोष्ट दडलेली असते : चेहऱ्यावर उजेड कमी पडलेला असतो. मांडवातल्या झगमगाटाने फसून कॅमेरा एक्स्पोजर उतरवतो आणि चेहरा मूळ वर्णापेक्षा काळा नोंदतो. तेव्हा आधी झाक काढावी, मग चेहरा, गळा आणि हात या तिन्हींवर मिळून मास्क काढून एक्स्पोजर एकतृतीयांश ते अर्धा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावा आणि रंगाची तीव्रता आहे तशीच ठेवावी. मग झाक असलेली आणि झाक काढून उजेड दिलेली अशी दोन छायाचित्रे शेजारी शेजारी छापून दाखवावीत. माझा अनुभव असा की, कागदावर पाहिल्यावर घरचे लोक बहुधा दुसरेच निवडतात, कारण पहिल्यात मुलगी आजारी दिसते हे त्यांच्याही लक्षात येते.

सावळ्या चेहऱ्यावरची झाक बसते कुठे, हेही जाणून घ्यावे. त्वचेवरची चमक ही पृष्ठभागावरून थेट परतलेला प्रकाश असते, म्हणून तिच्यात त्वचेपेक्षा दिव्याचा रंग अधिक असतो. सावळ्या त्वचेवर ही चमक ठळक दिसते आणि निळी झाक कपाळावर, गालाच्या उंचवट्यावर व नाकाच्या दांडीवर गोळा होते. तिथे ल्युमिनन्स रेंजचा (उजेडाच्या पातळीनुसार भाग निवडणारा) मास्क वापरून फक्त उजळ भागातला निळा कमी करावा. सबंध चेहऱ्याला पिवळे करण्याची गरज पडत नाही.

तयार प्रीसेटविषयीही, म्हणजे एका क्लिकवर लागू होणाऱ्या ठरीव सेटिंगविषयीही, पत्रात विचारले आहे. विकत मिळणाऱ्या पुष्कळ प्रीसेटची आखणी गोऱ्या त्वचेसाठी झालेली असते आणि हा कल जुना आहे. कोडॅक कंपनीने १९५० च्या दशकापासून प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जी शर्ली कार्डे दिली, त्यांवर गोऱ्या स्त्रीचेच छायाचित्र असे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रियांचे कार्ड यायला १९९० चे दशक उजाडले. गूगलने पिक्सेल फोनमध्ये सर्व वर्ण नीट नोंदण्यासाठी रिअल टोन ही व्यवस्था आणली ती २०२१ मध्ये. तेव्हा दुसऱ्याच्या प्रीसेटवर विसंबण्यापेक्षा आपल्या भागातल्या चेहऱ्यांवर, ग्रे कार्डासह, स्वतःचे प्रीसेट तयार करावे.

प्रश्न : माझ्याकडे संगणक नाही, फक्त मोबाइल आहे. यातले काही करता येईल का? (जालना)

उत्तर : बरेच काही. स्नॅपसीड या अ‍ॅपमध्ये व्हाइट बॅलन्सचे साधन आहे, त्यात टेम्परेचर आणि टिंट हे दोन्ही अक्ष मिळतात आणि ड्रॉपरही आहे. एडिट स्टॅकमधून केलेला बदल ब्रशने चेहऱ्याच्या हव्या त्या भागावरच ठेवता येतो. फोनमध्ये प्रो मोड असेल तर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात छायाचित्र काढावे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, रॉमध्ये कॅमेऱ्यानुसार हजारो. झाक गडद असेल तेव्हा जेपेग ताणले की गालावर पट्टे उमटतात. आणि संपादनापूर्वी फोनची रात्रीची पिवळी प्रकाशव्यवस्था न विसरता बंद करावी.

प्रश्न : पडद्यावर चेहरे उत्तम दिसतात, पण लॅबमधून प्रिंट लालसर येतात. लॅब बदलून पाहिली, तरी तेच. (हिंगोली)

उत्तर : दोन्ही लॅबमधून तेच येत असेल तर बहुधा आपला पडदा निळसर आहे. नवा मॉनिटर किंवा लॅपटॉप कारखान्यातून अनेकदा थंड रंगावर आणि भडक उजेडावर ठेवून येतो. त्या निळ्या पडद्यावर चेहरा बरोबर दिसावा म्हणून आपण नकळत लाल-पिवळा वाढवत राहता आणि प्रिंटमध्ये ती वाढ उघडी पडते. मॉनिटरच्या सेटिंगमध्ये ६,५०० केल्विन निवडावे, उजेड निम्म्याच्या आसपास उतरवावा, रात्रीचा मोड आणि आपोआप रंग बदलणारी सोय बंद करावी. कामाच्या खोलीची भिंत गुलाबी किंवा पोपटी असेल तर तिचाही परिणाम नजरेवर होतो. समोरची भिंत फिक्या राखाडी रंगाची असलेली बरी. कॅलिब्रेशनचे यंत्र घेणे परवडत असेल तर त्याहून उत्तम काही नाही, आणि दोन-तीन स्टुडिओंनी मिळून एक घेतले तरी चालते.

फाइल देताना ती एसआरजीबी प्रोफाइलमध्ये (रंगांचे आकडे कसे वाचायचे हे सांगणाऱ्या नोंदीत) आणि प्रोफाइल जोडूनच द्यावी. अ‍ॅडोबी आरजीबीमधली फाइल प्रोफाइल न वाचणाऱ्या यंत्रावर गेली की चेहरे मरगळलेले दिसतात. सबंध अल्बम पाठवण्याआधी वेगवेगळ्या प्रकाशातले पाच-सहा चेहरे एका पानावर मांडून लॅबकडून चाचणीचे प्रिंट काढून घ्यावे. ते ट्यूबच्या उजेडात न पाहता दिवसा, खिडकीजवळ, थेट ऊन न घेता पाहावे. लॅबवाल्यांना त्यांच्याकडून होणारी आपोआप रंगदुरुस्ती बंद ठेवण्यासही सांगावे, नाही तर आपण काढलेली झाक त्यांचे यंत्र पुन्हा चढवते.

प्रश्न : आई-वडिलांचे १९८० च्या दशकातले रंगीत छायाचित्र ट्रंकेत होते. ते पूर्ण लालसर-नारिंगी झाले आहे. टेम्परेचर निळ्याकडे नेले तर सगळेच जांभळे होते. (नांदेड)

उत्तर : येथे दोष प्रकाशाचा नाही, कागदातल्या रंगद्रव्यांचा आहे. त्या काळच्या रंगीत प्रिंटमध्ये सायन, मॅजेंटा आणि पिवळा असे तीन थर असत. बंद पेटीत, अंधारात ठेवलेल्या प्रिंटमध्ये त्यांतला सायन बहुधा आधी विरतो आणि मागे उरलेल्या दोघांचा मिळून लालसर रंग दिसतो. भिंतीवर उजेडात टांगलेले प्रिंट वेगळ्या तऱ्हेने विटते. एक थर विरला म्हणजे त्या रंगाचा उठावही गेला, आणि व्हाइट बॅलन्स सबंध रंग एकाच मापाने सरकवतो, उठाव परत आणत नाही. म्हणून आपल्या प्रयत्नाला यश आले नाही.

प्रिंट ६०० डीपीआयवर, १६ बिटमध्ये, स्कॅनरची रंगदुरुस्ती बंद ठेवून स्कॅन करावे. मग लेव्हल्समध्ये जाऊन आरजीबी एकत्र न हाताळता चॅनेल एकेक करून घ्यावेत. लाल चॅनेलचा आलेख उजळ बाजूला गोळा झालेला दिसेल. त्याचा काळा त्रिकोण आलेख जिथे सुरू होतो तिथपर्यंत उजवीकडे आणावा. एवढ्यानेच अर्धे छायाचित्र परत येते, आणि ते परत येताना पाहण्यात मोठे समाधान असते. नंतर हिरवा आणि निळा चॅनेलही दोन्ही टोकांपासून त्यांच्या आलेखापर्यंत आणावेत. कागद पिवळा पडलेला असेल तर निळ्या चॅनेलचा पांढरा त्रिकोण डावीकडे सरकवल्यावर उजळ भाग निवळतात. शेवटी मधला त्रिकोण हलवून चेहऱ्याचा ह्यू वर सांगितलेल्या मर्यादेत बसवावा. वडिलांचा सदरा आणि आईचे लुगडे यांचे रंग अंदाजाने ठरवू नयेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे, ते लुगडे अजून कुणाच्या तरी कपाटात असते.

मूळ स्कॅनची फाइल हात न लावता वेगळी ठेवावी आणि सगळी दुरुस्ती तिच्या प्रतीवरच करावी. प्रिंट चिकट पानांच्या अल्बममध्ये असेल तर ओढून काढू नये. प्रिंट न सुटल्यास ते पानासकटच स्कॅनरवर ठेवावे, आणि काम झाल्यावर प्रिंट आम्लरहित कागदाच्या पाकिटात, पत्र्याखालच्या खोलीपासून दूर, घरातल्या थंड आणि कोरड्या जागी ठेवावे.